फुलसावंगीची उत्तर दिशा

यवतमाळहून नांदेडकडे जाणारा हमरस्ता आर्णी मागे टाकून महागावास पोहोचतो. तेथून आत वळले की कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या शेतांतून फुलसावंगीची वाट लागते. पैनगंगेचे खोरे जवळ. माहूरच्या रेणुकेचे ठाणेही फार लांब नाही. प्रवाशाने मुद्दाम थांबून पाहावे असे काही येथे आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु एक वस्तू ह्या मुलखात सर्वत्र पसरलेली आहे आणि म्हणूनच तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे पायाखालचा काळा पत्थर. घरांची जोती त्याची, विहिरींची बांधणी त्याची, जाती-पाटे त्याचे आणि शेतातील काळी मातीही त्याच्याच झिजेतून झालेली. गेल्या मार्गशीर्षात ह्या पत्थराची आम्हांस नव्याने ओळख झाली. ती हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

फुलसावंगी हे आमचे आजोळ. पावसाळ्यात तेथील वाड्याची मागील भिंत खचली. ती पुन्हा उभारावयाची म्हणून थोरल्या मामांनी वास्तुशास्त्राच्या एका जाणकारास बोलाविले. त्या गृहस्थांनी खिशातून होकायंत्र काढून देवघरासमोरच्या जोत्यावर ठेवले आणि निकाल दिला, की घर चौदा अंशांनी फिरलेले आहे. देवघर ईशान्येस नाही, ते पाडून हलविले पाहिजे. थोरल्या मामींना दीड वर्षापासून भोवळ येत असे; अंथरुणात कूस बदलली की सारे घर गरगर फिरे. त्याचेही कारण त्यांनी सांगून टाकले. निजताना डोके नकळत उत्तरेस होते आणि पृथ्वीचे चुंबकत्व रक्तातील लोह ओढते, असे त्यांचे म्हणणे. तशात मामेभावाच्या मुलाने मोबाईलवर वाचलेली बातमी घरात सांगितली, की चुंबकीय ध्रुव जागा सोडून चालला आहे आणि एक दिवस उत्तरेची दक्षिण होणार!

झाले. धाकटे मामा म्हणू लागले, "उत्तरच जर जागची हलणार, तर देवघर किती वेळा पाडावयाचे?"

थोरले मामा म्हणत, "पणजोबांनी बांधलेले देवघर पाडण्याची मला हौस आहे काय? पण हिचे दुखणे डोळ्यांनी पाहवत नाही."

पैसा मोजका होता. तो भिंतीस लावावा, देवघरास लावावा की मामींच्या औषधास, ह्यावरून दोघा भावांत अबोला धरला गेला. आम्ही जाऊन पोहोचलो तो ह्या अबोल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या दप्तरातील होकायंत्र घेऊन आम्ही त्याच जोत्यावर ठेवले. मग ते हातभर डावीकडे सरकविले, नंतर कोपऱ्याच्या मोठ्या दगडावर नेले. तीन जागी तीन उत्तर दिशा निघाल्या! शेवटी दगड आणि लोखंड यांपासून दूर, अंगणाच्या मध्यभागी लाकडी चौरंगावर ते ठेवले, तेव्हा कोठे सुई एका जागी स्थिरावली. थोरले मामा कठड्यावर बसून हे सारे पाहत होते. ते म्हणाले, "म्हणजे दगडच खोटे बोलतो म्हणावयाचा!"

दगड खोटे बोलत नाही. तो आपली जुनी आठवण सांगतो, इतकेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ह्या प्रदेशात जमिनीस भेगा पडून तप्त लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्याने झाकलेला प्रदेश आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. ह्या लाव्ह्यात लोहाच्या खनिजाचे बारीक कण असतात. मॅग्नेटाइट हे त्यांतील मुख्य खनिज ५८० अंश सेल्सिअसच्या खाली निवले म्हणजे त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात कायमची ठसते. पुढे एखाद्या खडकावर वीज पडली, तर त्या जागी आणखी तीव्र आणि वेडीवाकडी चुंबकता शिरते. अशा दगडावर टेकविलेली सुई पृथ्वीचे ऐकेल की दगडाचे, ह्याचा नेम नसतो.

ह्या आठवणीचे वाचन १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स ह्या तिघा शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. दख्खनच्या पुष्कळ थरांतील चुंबकता आजच्या सुईच्या उलट, म्हणजे आग्नेयेच्या बाजूने दक्षिणेकडे आणि खाली झुकलेली आढळते. ह्यातून दोन गोष्टी निघतात. एक, ते थर निवले तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते. दुसरी, सुईचा झोक अक्षांशावर अवलंबून असल्यामुळे, आपली भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे तीस अंशांवर होती. आज फुलसावंगी उत्तरेस विसाव्या अंशाच्या जवळ आहे. म्हणजे वाड्याचे जोते आपल्या साऱ्या मुलखासह विषुववृत्त ओलांडून येथवर आलेले आहे, आणि ज्या उलथापालथीची घरात धास्ती पडली होती, तिची साक्ष त्याच जोत्यात बसलेली होती.

दगडाचे हे झाले. माणसाने ह्या बदलांची नोंद कधीपासून ठेवली, हे पाहण्यासही महाराष्ट्राबाहेर जावयास नको. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून प्रा. ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेध घेतले जाऊ लागले. तेथे साहाय्यक म्हणून ज्यांनी उमेदवारी केली, ते पुढे प्रख्यात गणिती झालेले केरो लक्ष्मण छत्रे होत. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील प्रचंड स्फोटानंतर जे चुंबकीय वादळ आले, त्याचा कुलाब्याचा वेध आजही जगातील शास्त्रज्ञ वापरतात. तेथील क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे अदमासे चार टक्क्यांनी एकाएकी उतरला होता. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री अशाच वादळात मुंबईहून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी ओळखले, की ट्रामच्या प्रवाहाने नाजूक सुया चळतील. त्यांनी अलिबागेस नवी वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामासाठी पोरबंदरचा दगड पारखून आणला, कारण तो चुंबकीय नाही. आपला काळा पत्थर तेथे चालला नसता. १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी वेध घेऊन ताळा जमविला, आणि १९०६ मध्ये कुलाब्याचे काम थांबविले. विजेची पहिली ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागेचे काम अव्याहत चालू असून १९७१ पासून ते भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. इतकी दीर्घ आणि अखंड नोंद जगात फार थोड्या ठिकाणी सापडते.

मुलाने वाचलेली बातमी तर खरीच होती. जेम्स क्लार्क रॉस यांनी १८३१ मध्ये कॅनडाच्या उत्तरेस जो चुंबकीय ध्रुव शोधला, तो आता सायबेरियाच्या दिशेने सरकत आहे. मध्यंतरी त्याची चाल वर्षास पन्नास किलोमीटरांवर गेली होती; म्हणून जहाजे, विमाने आणि मोबाईल ज्यावर विसंबतात तो जागतिक नकाशा २०१९ मध्ये मुदतीपूर्वीच सुधारावा लागला. पुढे ती चाल मंदावली. लंडनमध्ये १५८० साली सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेस अकरा अंश होती, १८२० च्या सुमारास पश्चिमेस चोवीस अंशांवर गेली आणि २०१९ मध्ये ग्रिनिचला पुन्हा खऱ्या उत्तरेवर आली. गाउस यांच्या काळापासून, म्हणजे १८३० च्या दशकानंतर, क्षेत्राचे एकूण बळ सुमारे नऊ टक्क्यांनी घटले आहे. पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोहाच्या प्रवाहातून हे क्षेत्र उपजते. प्रवाह बदलला की तेही बदलते.

मग ध्रुव उलटणार काय? पुढे कधीतरी उलटतील. मात्र ते एका रात्रीत घडत नाही, त्यास हजारो वर्षे लागतात. शेवटची उलथापालथ सुमारे ७ लक्ष ८० हजार वर्षांपूर्वी झाली. दख्खनचे थर पडल्यापासून अशी घटना शंभराहून अधिक वेळा घडली आणि जीवसृष्टी तीतून पार पडत आली. क्षेत्र दुबळे झाले असता सूर्याकडून येणाऱ्या कणांचा मारा वाढतो. त्याची झळ उपग्रहांस, विमानांच्या संदेशांस आणि विजेच्या जाळ्यास लागते. मार्च १९८९ च्या वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात नऊ तास वीज नव्हती. मे २०२४ मध्ये लडाखातील हान्ले येथून आकाश तांबडे झालेले दिसले. काळजी करावयाची ती अशा वादळांची, आणि त्यासाठीच अलिबागेसारख्या वेधशाळा आहेत.

रक्तातील लोहाचे म्हणाल, तर ते खिळ्यातील लोखंडासारखे नसते. रुग्णालयांतील एम. आर. आय. यंत्राचे क्षेत्र आपल्याकडील पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक असते. त्यात निजलेल्या माणसाचे रक्त डोक्याकडे ओढले जात नाही, मग उशीची दिशा काय करणार? उत्तरेस डोके करून निजू नये, हा आचार आपल्याकडे चुंबकाच्या ह्या उपपत्तीहून पुष्कळ जुना असून त्याचा संबंध यमाच्या दक्षिण दिशेशी आणि अंत्यविधीशी आहे. ज्यास तो पाळावयाचा त्याने वडिलांचा आचार म्हणून खुशाल पाळावा. त्यास चुंबकाचा उसना टेकू नको.

ह्या सांगण्याने मामांचे समाधान अर्धेच झाले. ते म्हणाले, "सुईवर भरवसा नाही, तर पणजोबांनी दिशा साधली कशाने?"

तेव्हा आम्ही अंगणात शंकू रोवला. ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेली आहे. सपाट जागी खुंटी उभी करून भोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळास जेथे स्पर्श करील तेथे एक खूण आणि दुपारनंतर जेथे करील तेथे दुसरी खूण करावी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. ही दिशा पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यावरून येते; चुंबकीय ध्रुव कोठेही भटको, तीत फरक पडत नाही. दिवसभर मुले आळीपाळीने पहारा करीत बसली. दुसरी खूण करण्याच्या वेळी दोघेही मामा वर्तुळाशी वाकून उभे होते. सुतळी धरावयास एकास दुसऱ्याची गरज लागली, आणि तेथे अबोला मोडला.

वाडा दोन-तीन अंश कललेला निघाला, तो ओढ्याच्या उतारास धरून. चौदा अंश निघाले ते जोत्याच्या दगडाचे होते. थोरले मामा बराच वेळ त्या सुतळीकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "देवघर राहू द्या. हिला नांदेडास दाखवू."

नांदेडच्या डॉक्टरांनी मामींना तपासून सांगितले, की कानाच्या आतील तोल सांभाळणारे सूक्ष्म कण जागेवरून सरकले आहेत. त्यांनी मामींचे डोके ठराविक क्रमाने ह्या कुशीवरून त्या कुशीवर वळविले, आणि दुसऱ्यांदा जाऊन आल्यावर भोवळ थांबली. दीड वर्षाचे दुखणे डोके फिरविल्याने गेले खरे. पण कोठे आणि किती फिरवावयाचे, हे होकायंत्रास विचारावे लागले नाही.

भिंत पौषात बांधून झाली, त्याच काळ्या पत्थराची. शंकूचे वर्तुळ अंगणात पुढे कित्येक दिवस होते. धाकट्या मामी सकाळी सडा घालीत, तो त्या वर्तुळास वळसा घालून.