दुष्काळात तेरावा महिना

आमच्या घरी दोन कॅलेंडरं चालतात. इंग्रजी महिना 30 किंवा 31 दिवसांचा, एक फेब्रुवारी सोडला तर. चांदाचा महिना 29 किंवा 30 दिवसांचा. 28 रोजे होऊन ईदचा चांद दिसला, असं काही होत नाही. मोबाईल कंपन्यांचा महिना मात्र बाराही काळ 28 दिवसांचाच!

हिशेब करून पाहा. 365 ला 28 ने भागलं की वर्षाचे रिचार्ज 12 नाही, 13 होतात. पगार बारा वेळा येतो, घरभाडं बारा वेळा जातं. हा तेरावा महिना फक्त मोबाईलचा. अकोल्याच्या बाजारातल्या हमालाला तो टाळताही येत नाही. कामाचा निरोप, बँकेचा ओटीपी, सारं त्याच नंबरवर येतं.

जानेवारी 2022 मध्ये ट्रायने आदेश काढला: प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेचा ठेवावा. डिसेंबर 2024 मध्ये इंटरनेटशिवाय, फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे प्लॅनही ठेवायला सांगितले. अम्मीच्या बटणाच्या फोनला इंटरनेट हवं कशाला? पण अमरावतीत दुकानात जाऊन ‘महिन्याचा मारा’ म्हटलं, की दुकानदार न विचारता 28 दिवसांचाच मारतो.

म्हणून पुढच्या वेळी किंमत नंतर विचारा. आधी विचारा, ‘भाऊ, दिवस किती?’ मग किंमतीला दिवसांनी भागा.