नसलेल्या पत्त्यावरून आलेलं उत्तर

फायबरचं कनेक्शन घेतलं तेव्हा वसमतच्या आमच्या घरात भिंतीवर एक पांढरा डबा लागला. भिंत माझी, वीज माझी, महिन्याचे पैसे माझे; डब्याचा ॲडमिन पासवर्ड मात्र लाइनवाल्यांकडे. मागितला तर आलेला मुलगा म्हणाला, "सर, नेट चालतंय ना? मग पासवर्ड कशाला पाहिजे?" त्या प्रश्नाचा मला आजही राग येतो.

घरातले फोन, टीव्ही, भाचीचा लॅपटॉप आणि खालच्या हळदीच्या गोदामातले कॅमेरे, सगळं त्या एका डब्यावर. वीज गेली की कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचा पत्ता बदलायचा, आणि वीज तर जातेच. म्हणून एका जुन्या कॉम्प्युटरला दुसरं लॅन कार्ड लावून त्यावर ओपीएनसेन्स टाकलं. २०१५ साली पीएफसेन्समधून वेगळं निघालेलं हे फायरवॉल फुकट मिळतं आणि चांगलं आहे.

डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, लवकर उरकलं. डबा १९२.१६८.१ या मालिकेतले पत्ते वाटत होता आणि ओपीएनसेन्सही मुळात तीच मालिका वापरतं. डब्याकडे आणि घराकडे, दोन्ही बाजूंना एकच मालिका असली की फायरवॉलला आत-बाहेर कळत नाही. आतली मालिका १९२.१६८.५० केली, डीव्हीआरला त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या ओळख-क्रमांकावरून, कायमचा आकडा बांधून दिला. संपलं.

खरा प्रकार उघडा पडला तो डीएनएसच्या वेळी. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. मी त्यासाठी क्वाडनाइन या डीएनएस सेवेचा पत्ता ९.९.९.९ भरला होता. तरी नाव टाइप करताना एखादं अक्षर चुकलं की जाहिरातींचं तेच ते पान उघडायचं. शंका आली म्हणून एक चौकशी मुद्दाम १९२.०.२.१ कडे पाठवली. हा पत्ता जगात कुणालाच दिलेला नाही. माहितीपुस्तकांत उदाहरणं देण्यासाठी तो राखून ठेवलाय. तिथे यंत्रच नाही, तर उत्तर कोण देणार?

उत्तर आलं. लगेच आलं आणि बरोबर आलं. पाठवणारा कोण, तर १९२.०.२.१!

म्हणजे पोर्ट ५३ वर, डीएनएसच्या ठरलेल्या दारावर, जाणारी माझी प्रत्येक चौकशी वाटेत कुणीतरी अडवत होतं आणि मी ज्याला विचारलं त्याच्या खोट्या सहीने उत्तर देत होतं. सरकारी आदेशाने काही साइट बंद ठेवाव्या लागतात, ते मी समजू शकतो. खोटी सही कोणत्या आदेशाने? घरातला माणूस कुठल्या हॉस्पिटलची, बँकेची, नोकरीची साइट उघडतो, याची अख्खी यादी या चौकशांमधून बनू शकते. ती बनवू नका असं म्हणायची सोयच आम्हाला ठेवलेली नाही. लाइनवाल्यांच्या हिंगोलीच्या ऑफिसात जाऊन विचारलं. "वरून सेटिंग आहे. स्पीड येतोय ना?" जिल्ह्यात औंढ्याजवळ २६०० कोटींची लायगो वेधशाळा मंजूर झालीये, आणि इथे स्वतःच्या भिंतीवरच्या डब्याबद्दल विचारणारा माणूस विचित्र ठरतो.

मग फायरवॉलच्या अनबाउंड या डीएनएस प्रोग्रॅममध्ये डीएनएस ओव्हर टीएलएस चालू केलं. आता चौकशी पोर्ट ८५३ वरून कुलूपबंद जाते आणि समोरच्याचं प्रमाणपत्र तपासलं जातं, त्यामुळे वाटेतल्याला खोटी सही जमत नाही. जाहिरातींचं पान बंद झालं. जुन्या कॉम्प्युटरवर हे करणार असाल तर मदरबोर्डचा सेल आधी बदला. वीज गेल्यावर घड्याळ मागे गेलं की प्रमाणपत्र अमान्य ठरतं, नावं सापडत नाहीत, आणि टाइम सर्व्हरचंही नाव न सापडल्यामुळे घड्याळ सुधारत नाही. एक टाइम सर्व्हर तरी नावाऐवजी आकड्याने भरून ठेवा.

टीव्ही मात्र ऐकेना. डीएचसीपीने दिलेला डीएनएस बाजूला ठेवून तो थेट गुगलच्या ८.८.८.८ ला विचारायचा. म्हणून नियम लिहिला: आतून पोर्ट ५३ वर कुठेही जाणारी चौकशी फायरवॉलनेच उत्तरावी. सेव्ह केलं आणि थबकलो. ८.८.८.८ च्या सहीने आता टीव्हीला उत्तर देत होतो तो मीच. नियम घरातल्या सगळ्यांनाच लागू होता. भाचीने विचारलंच, "मामा, मग आमची यादी तुमच्याकडे बनते का?" बनू शकते, म्हटलं. चौकशांची नोंद तिच्यासमोर बंद केली, तिच्या लॅपटॉपला नियमातून सूट दिली. टीव्हीचा नियम तसाच आहे आणि तो काढावा असं मला वाटत नाही.

फायबर घेताना आपण स्पीड आणि भाडं ठरवतो. डबा ब्रिज मोडवर, म्हणजे नुसती लाइन पुढे सोडणारा, करून देणार का, पासवर्ड देणार का, हेही तेव्हाच विचारा. आणि घरच्या कॉम्प्युटरवर एनएसलुकअप ही कमांड, पुढे कुठल्याही साइटचं नाव आणि त्यापुढे १९२.०.२.१ टाकून पाहा. उत्तर यायलाच नको. आलं, तर ज्यांना महिन्याचे पैसे देता त्यांना जाब विचारा.