चहा? दोनच घेतो!

‘तुम्ही काय काय पिता?’ हा प्रश्न आपल्याकडे चारचौघांत विचारायचा नसतो. पाणी सगळेच पितात, चहा आपण ‘घेतो’, दूध मुलांना ‘देतो’. पण नुसते ‘पितो’ म्हटले की त्याचा अर्थ एकच! त्यामुळे हातात छापील कागद घेऊन कॉलेजातली एखादी मुलगी उंबऱ्याशी उभी राहिली आणि घरच्या कर्त्या पुरुषाला तिने हा प्रश्न केला, की तो आधी बायकोकडे बघतो आणि बायको आढ्याकडे बघते. हा अनुभव मी एकदा नव्हे, आमच्या आळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरी घेतला आहे.

त्याचे असे झाले. आमच्या गृहशास्त्राच्या बाईंनी यंदा प्रकल्पासाठी जो विषय दिला, तो ऐकून वर्गात आधी खसखस पिकली. ‘प्रौढ माणसांच्या पेयपानाच्या सवयी आरोग्याला कितपत हितकर आहेत, हे प्रश्नावलीने झटपट तपासणे.’ मागच्या बाकावरून कोणीतरी ‘बाई, नमुना प्यायचा का?’ असे विचारलेही. बाई हसल्या आणि त्यांनी प्रत्येकीच्या हातात एकेक कागद ठेवला.

मूळ कागद अमेरिकेतला होता. तिथल्या व्हर्जिनिया टेक या विद्यापीठातील आहारतज्ज्ञांनी २०१० साली एक लांब प्रश्नावली तयार केली होती. तिला कात्री लावून २०१२ साली त्यांनी पंधरा पेयांची ही छोटी आवृत्ती काढली. लोकांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आहाराच्या नोंदींशी ती ताडूनही पाहिली. गेल्या महिन्यात अमुक पेय किती वेळा घेतले आणि एका वेळी किती घेतले, एवढेच तिच्यात विचारलेले असते. पाणी, फळांचा रस, साईचे दूध, बिनसाईचे दूध, गोड सोडा, साखरेविना सोडा, चहा-कॉफी, बिअर, वाइन आणि पुढचे सगळे. खुणा करायला दोन-तीन मिनिटे पुरतात. पुढे २०१५ साली त्याच विद्यापीठातून पेयांना शंभरपैकी गुण देणारी एक मोजपट्टीही आली. तिच्यात दहा कसोट्या आहेत. साखरेची पेये कमी असली, पाणी पुरेसे असले, पेयांतून पोटात जाणारी उष्णता एकूण आहाराच्या मानाने थोडी असली, की गुण चढतात.

ही झटपट पद्धत म्हणजे वरवरची, असे आमच्यातल्या दोघी-तिघींचे मत पडले. माझे तसे नाही. माणसाच्या खाण्यापिण्याची खरी नोंद हवी तर त्याला चार दिवस वही बाळगायला सांगावी, हे पुस्तकात ठीक आहे. आमच्या आत्याबाईंना अशी वही दिली असती तर चौथ्या दिवशी तिच्यात दूधवाल्याचा हिशेब आणि भिशीची नावे निघाली असती! दोन मिनिटांचा कागद निदान भरला तरी जातो. शिवाय जेवणाचा हिशेब माणसे ठेवतात, पिण्याचा ठेवत नाहीत. भाकरी दोन खाल्ल्या की तीन हे कोणीही सांगेल. पण घोटाघोटाने पोटात गेलेली साखर कोणाच्या हिशेबात असते? म्हणून असा कागद हवाच, हे मला पटले होते आणि अजूनही पटते.

अडचण आली ती भांड्यांची.

त्या कागदावर ‘एका वेळी किती’ याचे पाच रकाने आहेत. त्यांतला सर्वांत लहान रकाना ‘सहा औंसांपेक्षा कमी’, म्हणजे साधारण १७७ मिलीलिटरच्या आतला. सर्वांत मोठा वीस औंसांचा, म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक. आता आमच्याकडे चहा येतो तो कपबशीतून. मी शेजारच्या बाळाची दुधाची बाटली मागून आणली आणि तिच्यावरच्या खुणांनी घरातली भांडी मोजली. आमचा कप काठोकाठ भरला तरी १२० मिलीलिटरचा. पारावरच्या हॉटेलातला ग्लास त्याच्या निम्मा. म्हणजे अख्ख्या गावाचा चहा एकाच रकान्यात! आणि ‘किती वेळा’ याची शेवटची पायरी ‘दिवसाला ३ वेळा किंवा अधिक’ अशी. तिच्या पुढे मोजायची सोयच नाही.

आमच्या आळीत एक तात्या आहेत. त्यांना विचारले, ‘तात्या, चहा किती होतो दिवसाला?’

‘चहा? दोनच घेतो,’ तात्या म्हणाले. ‘सकाळचा आन् दुपारचा.’

आतून काकींचा आवाज आला, ‘आन् पारावरचं?’

‘ते लोकं पाजत्यात. ते काय आपलं नसतं.’

मग सोसायटीतला, दूध घालायला गेल्यावर डेअरीपाशी होणारा, कोणी पाहुणा आला की त्याच्याबरोबरचा आणि रात्री भजनातला, असे एकेक करत आकडा आठवर गेला. तात्या स्वतःच चकित झाले. या आठांना प्रत्येकी दोन चमचे साखर धरली आणि चमचा सपाट, म्हणजे ४ ग्रॅमचा धरला, तरी ६४ ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे, दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने अशी वरची साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत आणावी. आता कागदावरची खूण ‘३ किंवा अधिक’ अशीच पडणार. आम्ही तीनच कप धरून हिशेब केला असता, तर तात्यांची साखर २४ ग्रॅम भरली असती आणि ते विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले असते!

लोक खोटे बोलतात असे मात्र मला एकदाही वाटले नाही. स्वतःच्या घरी मागून घेतलेला चहा हा आपला. दुसऱ्याने पाजलेला तो मान, त्याची मोजदाद कसली? नाही म्हटले तर समोरच्याला राग येतो. मलासुद्धा आला असता. मी प्रश्न विचारत फिरले त्या दिवसांत घरोघरी ‘आधी चहा घे, मग लिही’ असा आग्रह झाला. माझाच कागद त्या आठवड्यात कोणी भरून घेतला असता, तर तात्या मागे पडले असते.

रकान्यांचे भांडण आणखी निराळे. ताक कुठे लिहायचे? पाण्यात की दुधात? कोकमाचे सरबत हा रस की गोड पेय? नाचणीची आंबील प्यायची की खायची? उसाच्या रसावरून तर एका आजोबांनी मला निरुत्तर केले. कागदावर ‘शंभर टक्के फळांचा रस’ असा रकाना होता. आजोबा म्हणाले, ‘आमचा रस शंभर टक्केच की. लिही तिथं.’ मी म्हटले, ‘आजोबा, पण ऊस म्हणजे फळ नव्हे.’ ‘मग एवढी वर्सं आमी रानात काय पिकवतोय?’ बाईंनी पुढे सांगितले की रसातली साखरदेखील जागतिक आरोग्य संघटना त्याच वरच्या साखरेत धरते, मग तो फळाचा असो की उसाचा. हे आजोबांना सांगायला मी अजून गेलेली नाही.

इथवर सगळी गंमतच होती. बायकांचे कागद भरायला लागले तेव्हा गंमत उतरली.

उसाच्या भांगलणीला जाणाऱ्या एका काकींना मी विचारले, ‘पाणी दिवसाला किती वेळा?’ त्या म्हणाल्या, ‘सकाळी पिऊन जाते. मग घरी आल्यावर.’ मध्ये? ‘मधी न्हाई.’ मला वाटले रानात पाणी नसेल. पण विहीर तिथेच होती. काकींनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘पाणी पिलं की जावं लागतंय. गडी माणसं असत्यात. कुठं जायाचं?’ 

त्या ‘पाणी’ या रकान्यात मी ‘दिवसाला दोन वेळा’ अशी खूण केली. शंभर गुणांच्या त्या मोजपट्टीवर त्यांचे गुण गेले. सवय वाईट ठरली. ही सवय आहे का? उन्हात दिवसभर पाणी टाळल्याने लघवीला जळजळ होते, मुतखड्याचा त्रास मागे लागतो, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पाणी प्यावे कसे हे त्यांना शिकवायला नको आहे, आडोसा बांधून द्यायला हवा आहे. कागद ‘किती’ विचारतो. ‘का नाही’ हे विचारायला त्याच्यात जागा नाही.

आणि हे फक्त रानातच आहे असे कोणी समजू नये. आपल्या वर्गांतल्या कितीतरी मुली घरून पाण्याची बाटली भरून आणतात आणि संध्याकाळच्या एस. टी.ने ती भरलेलीच परत नेतात. ज्यांनी मुलींच्या बाजूचे ते दार एकदा उघडून पाहिले आहे, त्यांना मी कारण सांगायला नको. प्राध्यापक मंडळीही हे पान वाचतील म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

घरचा कागद मी सर्वांत शेवटी भरला. आईला समोर बसवले. आईचा चहा म्हणजे सगळ्यांचा गाळून झाल्यावर पातेल्यात उरेल तो. कधी अर्धा कप, कधी पाऊण. सकाळी तोच नाश्ता. ‘त्याने भूक मरते गं, मग भाकऱ्या उरकता येतात,’ ती म्हणाली. हा चहा पेयात लिहायचा की जेवणात, ते मला कळेना. बाईंनी आम्हाला मूळ कागदाबाहेरचा एक प्रश्न जोडून दिला होता: ‘चहा जेवणाच्या आधी, बरोबर की नंतर?’ तो विचारताच आई सहज म्हणाली, ‘जेवल्यावर लगेच. रक्ताची गोळी त्याच्याबरोबरच घेते ना मी.’

माझे पेन थांबले. आरोग्य केंद्रातून आणलेल्या लोहाच्या गोळ्या आई गेले कित्येक महिने न चुकता घेते आहे, आणि तिचे हिमोग्लोबिन काही हलत नाही. डॉक्टर म्हणतात गोळ्या घेत नसाल. आई म्हणते घेते. दोघांचेही खरे! चहातले टॅनिन अन्नातल्या आणि गोळीतल्या लोहाला धरून ठेवते, ते अंगी लागू देत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळा, असे सांगितले आहे. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. चहाने हे सगळे झाले असे म्हणणे वेडेपणाचे होईल. पोटाला पुरेसे आणि सकस मिळत नाही, हे मोठे कारण. पण आमच्या घरात जी गोळी सरकार फुकट देते आणि आई मन लावून घेते, ती निम्मीअर्धी कपबशीतच जात होती, हे त्या एका प्रश्नाने मला दोन मिनिटांत कळले.

आईला मी गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितले, म्हणजे लोह चांगले शोषले जाईल. ‘आणि लिंबाला साखर लागत नाही वाटतं?’ असे तिने मलाच ऐकवले. सध्या ती मीठ घालून पिते. चहा तासाभराने घेते, पण त्या तासात तिचे डोके दुखते, अशी तक्रार आहे.

बाईंना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी तो अमेरिकन कागद टाकून दिला नाही. पेन घेऊन त्याच्यावरच बदल केले. औंस खोडून ‘कप, हॉटेलातला ग्लास, फुलपात्र, तांब्या’ लिहिले. ‘३ किंवा अधिक’ या ठिकाणी रिकामी रेघ ओढली. ताकाला स्वतंत्र घर दिले. चहाच्या खाली ‘घरचा’ आणि ‘लोकांनी पाजलेला’ असे दोन पोटरकाने केले. सर्वांत शेवटी एक ओळ घातली: ‘तहान लागूनही पाणी प्यायचे टाळता का? टाळत असल्यास कशामुळे?’

सुधारलेला कागद नीट भरता येतो का ते पाहावे, म्हणून बाईंनी पहिली प्रत आमच्यासमोर स्वतःच भरायला घेतली. चहाचे दोन्ही रकाने त्यांनी हसत हसत भरले. शेवटच्या ओळीपाशी त्या जरा थांबल्या. मग त्यांनी ‘हो’ लिहिले आणि पुढच्या रिकाम्या जागेत, बारीक अक्षरात, ‘कॉलेजात असताना’.