मजकुराची जागा

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, त्यावर दोन-चार ओळींची जागा. बाबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. पगार झाला की कणकवलीजवळच्या आमच्या गावी आजीच्या नावाने पैसे निघायचे. पोस्टमन खळ्यातूनच हाक द्यायचा, "म्हातारे, मनीआर्डर इली गो!" नोटा डब्यात जात आणि कुपन आई मोठ्याने वाची : ‘कौलं परतून घेणे. बाळ्याचा खोकला कसा आहे? चतुर्थीस येतो.’ बाळ्या म्हणजे मी. मला बाबा कळले ते बरेचसे या ओळींतूनच.

आजीचा अंगठा उठलेली पावती टपालाने परत मुंबईला जाई. बाबा त्या पावत्या खोलीतल्या तारेत ओवून ठेवत. काजूच्या हंगामातले ठसे पुसट असायचे. ओल्या काजूच्या चिकाने तिच्या बोटांची सालं निघालेली असत. घरी काय चाललंय, हे बाबांना त्यावरूनही समजे.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. मनीऑर्डर थांबली. मग पाठवणारी आजी झाली. उकडे तांदूळ, कुळीथ, सोलं बांधून मुंबईला निघालेल्या कुणाच्याही हाती ती बोचकं द्यायची. त्यावर नाव नसे. गाठ कुणाची, ते बाबांना बरोबर ठाऊक.

पुढे पुण्यात नोकरी लागल्यावर मीही पोस्टाच्या रांगेत उभा राहिलो. शंभराला पाच रुपये कमिशन जायचं, पण आठवड्याभराने आईची सही हातात यायची. कुठल्याही बँकेच्या पासबुकात मला तेवढा दिलासा मिळाला नाही. 1880 साली सुरू झालेली मनीऑर्डरची ही सेवा तिच्या जुन्या, कागदी रूपात 1 एप्रिल 2015 पासून बंद झाली.

आता मोबाइलवरून पैसे क्षणात पोचतात, आणि ते चांगलंच आहे. आजारपणात पोस्टमनची वाट बघणं फार जीवघेणं असे. पण मजकुराची जागा युपीआयमध्येही आहे, आणि माणसं ती कोरी सोडतात, हे मला पटत नाही. पैशाबरोबर पाठवणाऱ्याने थोडंतरी स्वतः जावं. मी दर वेळी काहीतरी लिहितोच. परवा लिहिलं, ‘गुडघ्याचं औषध आणलंस का?’

आईचा लगेच फोन. पैशांचा विषयच नाही. म्हणाली, "हाडलंय औषद. कडू आसा."