बल्ब तीनदा बदलला, दोष चाकाखाली होता



मागच्या हंगामातली गोष्ट. डिसेंबर महिना, रात्रीचे साडेदहा. भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याकडे निघालो होतो. चढाला ट्रॅक्टर हळू झाला आणि मागे कचकन ब्रेकचा आवाज. उतरून बघतो तर गावातलाच पोरगा, मोटारसायकल उसापासून हातभर लांब. म्हणाला, "काका, मागं लाईटच नाही तुमच्या."

घरून निघताना लाईट चालू होती, मी स्वतः बघितली होती. त्या महिन्यात बल्ब तीनदा बदलला होता. सकाळी ट्रॉलीखाली झोपून वायर शेवटपर्यंत हाताने चाचपली, तेव्हा खरं कळलं. चाकाच्या मागं दगड-चिखलाच्या माऱ्यानं वायरचं कव्हर फाटलं होतं, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. बल्बचा काही दोष नव्हता.

चाकावर फाळका आहेच, मग मडगार्ड कशाला, असं मलाही वाटायचं. पण चिखल मागं फेकला जातो, थेट वायरवर आणि टेल लॅम्पवर. म्हणून मडगार्ड आणि वायरिंग हे एकच काम समजून करा.

मडगार्ड

जुन्या बॅरलचा पत्रा पातळ असतो, शिवाय आत तेलाची किंवा औषधाची वाफ राहिली तर कापताना भडका उडतो. त्यापेक्षा १६ गेजचा काळा पत्रा घ्या. माझे टायर ९.००-१६ चे. त्याला १२ इंच रुंद, तीन फूट लांब तुकडा पुरला. टायरच्या माथ्यापासून मागं आसाच्या उंचीपर्यंत गोलाई दिली. कडेला आतून ६ मिमीची सळई मारली, नाहीतर हादऱ्यानं पत्रा चिरतो. अँगलचे हात चासीला वेल्डिंग केले, पण मडगार्ड नटबोल्टवर ठेवलं. पंक्चर काढताना ते सोडता आलं पाहिजे.

माझी चूक सांगतो. पहिल्यांदा रिकाम्या ट्रॉलीवर दोन इंच अंतर ठेवलं. ऊस भरल्यावर पाटे दबले आणि मडगार्ड टायरला घासायला लागलं. रबर जळाल्याचा वास आला म्हणून कळलं. आता चार इंच ठेवलंय, आणि भरलेल्या ट्रॉलीवर पुन्हा मोजलंय.

वेल्डिंग करताना चाकं काढून ठेवा. गरम झालेला टायर फुटला तर माणूस जातो. ट्रॅक्टरची पिन सॉकेटमधून काढा. वेल्डिंगची अर्थ जिथं काम चाललंय तिथंच जवळ लावा, बेअरिंगमधून करंट गेला की बेअरिंग खराब होतं. गॅल्व्हनाइज पत्रा असेल तर जोडाच्या जागी जस्त घासून काढा, त्या धुरानं ताप भरतो.

वायरिंग

अर्धा इंची पाइप चासीच्या आतल्या बाजूला आधी वेल्डिंग केला, गार झाल्यावर वायर ओढली. उघडी वायर बाहेर ठेवली नाही, उंदरांनाही तोंड घालायला जागा नको. पाइपच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला, नाहीतर लोखंडाची धार वायर कापते. पाइपला खालच्या बाजूला एक छोटं भोक पाडलं, पाणी साचत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, अर्थची वायर वेगळी ओढा. आपण हुकाच्या पिनेवरच अर्थ सोडून देतो. तिथं ग्रीस आणि गंज, मग खड्ड्यात लाईट मिचमिचते. सॉकेटपाशी वायरला थोडा झोल ठेवा, पण वळताना ती हुकात अडकू नये म्हणून वर बांधा. वायरच्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक वायर बल्ब लावून तपासा. जोड शक्यतो मध्ये नकोच.

दोन दिवस गेले आणि टायरच्या एका जोडीपेक्षा कितीतरी कमी खर्च आला. त्यानंतरचा हंगामाचा उरलेला काळ एकदाही लाईट गेली नाही. तरी रेडियम पट्टी लावलीच आहे, आणि मागं लोंबणारे शेंडे लॅम्प झाकत नाहीत ना, हे निघताना बघतो.

तो पोरगा आजही रस्त्यात भेटला की हसून हात करतो. मला मात्र दरवेळी ते हातभर अंतरच आठवतं.

मोळी पडायच्या आत एकदा ट्रॉलीखाली झोपून वायर चाचपून बघा. तुमच्याकडे काय सापडलं ते खाली लिहा.