धाकट्याची आई

ताईचा विषय निघाला की आमच्या घरात नकळत दोन भाग पडतात. दुखण्याआधीची ताई आणि दुखण्यातली ताई. पहिली स्कूटरवरून बँकेत जाणारी, गणपतीत एकटीने सगळे मोदक वळणारी. दुसरीबद्दल बोलताना सगळ्यांचा आवाज आपोआप खाली येतो. तिच्या धाकट्याला मात्र हे दोन भाग माहीतच नाहीत. २०१४ साली बीजाशयाच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि २०१८ मध्ये ताई गेली तेव्हा सात. त्याची आई म्हणजे डोक्याला रुमाल बांधलेली, दुपारी घरी असणारी, पलंगावर बसून त्याच्याशी पत्ते खेळणारी बाई. मध्ये एका नातेवाईक बाईंनी त्याला ताईचा लग्नातला फोटो दाखवला. म्हणाल्या, "बघ, तुझी आई किती सुंदर दिसायची." त्याने फोटो नीट पाहिला. म्हणाला, "ही मला माहीत नाही." त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या आलं नाही.

निदानाच्या आधीचा सगळा उन्हाळा ताईचं पोट गच्च राहायचं. दोन घास खाल्ले की पुरे व्हायचं, लघवीला सारखं जावं लागायचं. अडतिसाव्या वर्षी, अंगाखांद्यावर लहान पोर असताना, असल्या तक्रारी कोण मनावर घेतं? पित्ताच्या गोळ्या झाल्या, ओवा-बडीशेप झाली, दुसऱ्या बाळंतपणानंतर पोट सुटतंच, असं सांगणाऱ्याही भेटल्या. बीजाशयं ओटीपोटात खोल असतात, तिथली गाठ वाढली तरी सहसा हाताला लागत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी पॅप टेस्ट आहे, तशी या रोगाला धडधाकट बाईत आधीच हेरणारी खात्रीची तपासणी आजही नाही. म्हणून बहुतेक जणींना कळतं ते रोग पोटभर पसरल्यावर. ताईचा तिसरा टप्पा होता. पोटात पाणी झालं होतं. सीए-१२५ हा रक्तातला आकडा ३५ च्या आत असावा लागतो, तो हजाराच्या पुढे गेला होता. मला याचा राग अजून आहे. बाईने पोटाची तक्रार केली की घरातलं आणि दवाखान्यातलं पहिलं उत्तर पित्त हेच असतं. दोन-तीन आठवडे रोज पोट फुगत असेल तर सोनोग्राफी मागून घे, हे मी आता भेटेल तिला सांगते. लग्नाच्या पंगतीत बसलेली असले तरी सांगते.

मग मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि सकाळी दादर. तिथून परळला टाटा. दर २१ दिवसांनी एक केमो, तीन झाल्यावर ऑपरेशन, मग पुन्हा तीन. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही दोन औषधं. पॅक्लिटॅक्सेल मुळात अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीतलं. त्या सालीतून ते वेगळं काढून १९७१ मध्ये त्याची रचना जगापुढे मांडणाऱ्यांपैकी एक होते मनसुख वाणी, जन्माने नंदुरबारचे. १९९२ मध्ये अमेरिकेत त्या औषधाला पहिली मान्यता मिळाली, तीही बीजाशयाच्याच कॅन्सरसाठी. मी हे ताईला वाचून दाखवलं तेव्हा सलाईन चालू होतं आणि ॲलर्जी होऊ नये म्हणून आधी दिलेल्या इंजेक्शनाने तिचे डोळे मिटत होते. तरी तिने मला परत वाचायला लावलं. घरी गेल्यावर थोरल्या लेकीला नकाशात नंदुरबार दाखवलं आणि सांगितलं, "माझं औषध शोधणारे काका इथले."

आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरायचो. संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास तिथल्या मोकळ्या जागेत बायका फोन कानाला लावून उभ्या असायच्या. कुणी बिहारची, कुणी बंगालची, कुणी आमच्यासारखी खालच्या अंगाची. भाषा कळत नसली तरी काय चाललंय ते कळायचं. जेवलास का, अभ्यास झाला का, आजीला त्रास देऊ नकोस. पलीकडचं पोर रडायला लागलं की आवाज आणखी कडक व्हायचा. मी तिथे जितक्या आया पाहिल्या, त्यातल्या एकीनेही पोराशी फोनवर दुखण्याची गोष्ट काढलेली मला आठवत नाही.

घरी ताईने केमोचे २१ दिवस मुलांच्या दिनदर्शिकेत बसवले. पहिला आठवडा अंग मोडून काढणारा, तोंडाला चव नाही. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली जायच्या. तेव्हा धाकट्याला साधी सर्दी झाली तरी त्याची रवानगी आजीकडे व्हायची. थर्मामीटर १०० च्या वर सरकला की दाजींची बॅग भरलेलीच असायची. तिसरा आठवडा मात्र आमचा सणाचा. शाळेचं स्नेहसंमेलन, वाढदिवस, पुरणपोळी, सगळं त्यातच. वाढदिवस दहा दिवस पुढेमागे झाला तर मुलांना काही वाटत नाही, हे तिने लवकर ओळखलं होतं.

ऑपरेशनची जखम छातीच्या खालपासून ओटीपोटापर्यंत उभी. गर्भाशय, दोन्ही बीजाशयं, आतड्यांवरचा चरबीचा पडदा, सगळं काढलेलं. सहा आठवडे जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तीन वर्षांचं पोर तर कडेवरच राहायला बघतं. ताई सतरंजीवर भिंतीला टेकून बसायची, पोटावर उशी धरायची आणि त्याला म्हणायची, "मी नाही उचलणार, तूच चढ." तो गुडघ्यावरून मांडीवर, मांडीवरून उशीवर असा हळूहळू चढायचा. मध्येच थांबून विचारायचा, "लागलं?" अजूनही कुणाजवळ बसताना तो आधी त्यांच्या पोटाकडे बघतो.

थोरलीच्या वेण्यांचं तेच. केमोने ताईच्या बोटांना मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. शर्टाचं बटण, सुईतला दोरा, केसांचा पेड, बोटांना काही कळायचं नाही. मग ती थोरलीला आरशासमोर बसवून एकेक पेड डोळ्यांनी पाहत वेणी घालायची. शाळेची वेळ टळू नये म्हणून पोरीला अर्धा तास आधी उठवायची. थोरलीने एकदा हट्ट धरला, मीही केस कापते, तुझ्यासारखे. ताई म्हणाली, "अजिबात नाही. घरात कुणाचे तरी केस राहू देत."

वर्षभराने सीए-१२५ चा आकडा पुन्हा वाढायला लागला. सहा महिन्यांच्या पुढे रोग परतला तर तीच औषधं बहुतेक पुन्हा चालतात, अलीकडे परतला तर चालण्याची आशा कमी. आम्हाला ती एक वेळ मिळाली. त्यानंतरची नाही.

तेव्हाच मी तिला म्हटलं, मुलांसाठी काहीतरी रेकॉर्ड करून ठेव. लग्नात, दहावीच्या निकालाला त्यांना ऐकता येईल. ती ठाम नाही म्हणाली. "मी असेन त्या दिवशी त्यांच्याशी बोलेन. लग्नातलं आत्ता काय बोलू? जावई कोण ते माहीत नाही." मला तिचं पटलं नाही, आजही पटत नाही. आवाज तरी राहायला हवा होता. पण तिने त्या वेळात काय केलं ते मी पाहिलंय. पाढे पाठ करून घेतले. खोटं बोलल्याबद्दल थोरलीशी दोन दिवस बोलली नाही. धाकट्याला भेंडी खायला लावली. चारचौघींसारखी आई, रागावणारीसुद्धा, तिला त्यांना द्यायची होती, आणि अंगात ताप असताना ती तिने दिली. याला मी शौर्य म्हणते. लोक म्हणतात त्या हसतमुखपणाला नाही.

धाकट्याची कीव करणारे मला भेटतात. बिचारा, त्याला आई लाभलीच नाही, म्हणतात. थोरली तीन वर्षांची होती तेव्हा ताई सकाळी नऊला बाहेर पडायची ती दिवेलागणीला परतायची. धाकट्याला ती रोज दुपारी मिळाली. तिच्या अंथरुणावर तो वाचायला शिकला. त्याच्या वाट्याला आलेली चार वर्षं आमच्या लेखी दुखण्याची असतील, त्याला त्यांत काही कमी वाटत नाही. त्याच्यासमोर हळहळून ती वर्षं त्याच्याकडून काढून घेऊ नयेत, एवढंच माझं मागणं आहे.

शेवटच्या वर्षी तिची जनुकांची तपासणी झाली, बीआरसीए-१ मध्ये दोष निघाला. आमची बेळगावची आत्या पोटात पाणी होऊनच गेली होती. तिचं कारण तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. माझी तपासणी झाली, दोष नाही. मुलांना तो असण्याची शक्यता निम्मी निम्मी. ही तपासणी सज्ञान झाल्यावर, स्वतःच्या मर्जीने करायची असते. ताईने दाजींना आणि मला दोघांनाही सांगून ठेवलं होतं: थोरली सज्ञान झाली की तिला सगळं सांगा, काही लपवू नका, आणि मुलगा आहे म्हणून धाकट्याला वगळू नका, त्याच्याकडूनही ते पुढच्या पिढीत जातं.

थोरली आता एकोणीस वर्षांची आहे. मी तिला कागद दाखवले, तिने प्रश्न वहीत लिहून काढले आणि पुढच्या महिन्यातली समुपदेशनाची वेळ घेतली. धाकटा चौदाचा. त्याच्या तपासणीला अवकाश आहे, पण परळला तोही येणार म्हणतो. तिकिटं तिघांची काढली आहेत.