मुक्या अशिलाचे वकीलपत्र

तारनाक्यावरील आमच्या घरी पहाटे साडेचारला उठते ती आमची भाची. नोकरी सांभाळून तिने घोडेस्वारीची हौस जोपासली आहे. तिची स्पर्धा तीन अंगांची. आधी ड्रेसाज, म्हणजे शिस्तबद्ध चालींची परीक्षा. मग क्रॉस-कंट्री, म्हणजे ओंडके, चर, पाणी ओलांडीत घड्याळाशी झुंज. आणि शेवटी शो जंपिंग, जिथे खुराच्या धक्क्यानेही दांडी पडते. थकल्यावरही घोडा धडधाकट आहे की नाही, याचा कस तिथे लागतो.

ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचे दार स्त्रियांना प्रथम उघडले ते १९६४ साली, टोकियोत. अमेरिकेची लाना दु पाँट घोड्यासह कोसळली, पुन्हा स्वार झाली, फेरी पुरी केली आणि तिच्या संघास रौप्यपदक मिळाले. हा दाखला आम्ही भाचीला वारंवार ऐकवीत असू.

गेल्या हिवाळ्यात दोन अंगांनंतर ती वरच्या स्थानावर होती. तिसऱ्या अंगापूर्वी पशुवैद्य घोड्याची तपासणी करतात. त्या सकाळी घोडा मागचा एक पाय किंचित जपून टाकीत होता.

"त्यांच्या लक्षातही येणार नाही," आम्ही वकिली शहाणपण पाजळले.

"पण माझ्या आलं ना, मामा? तो बोलत नाही. त्याच्या वतीनं मीच बोलायचं."

तिने नाव मागे घेतले.

परतताना आम्हांस एक जुना दावा आठवला. तडजोड अशिलाच्या हिताची होती; जिंकण्याच्या हौसेने आम्ही ती सुचविली नव्हती. आमचा अशील तर बोलू शकत होता; आम्हीच त्याला विचारले नव्हते.